साळूबाईचं जांभूळ आणि माझी पाठ

मी सुभेदार बोलतोय. कोल्हारच्या नदीकाठच्या बागेतलं एकूण एक झाड मी जगवलंय. बरं, एकूण एक नाही. आणि सुभेदारही नाही, छगन कुंभाराचं गाढव आहे. नाव तेवढं त्यानं थोर ठेवलंय, म्हणजे शिव्या घालतानाही ऐकणाऱ्याला मानाचं वाटावं.

शिक्षण म्हणाल तर अर्धं झालंय. लहानपणी छगन मला शाळेच्या खिडकीखाली बांधायचा. आत मास्तर सारखे "गाढवा, उभा राहा" म्हणायचे. मी उभाच असायचो. त्या वर्गात माझ्याइतकं आज्ञाधारक दुसरं कुणी नव्हतं. पण पाढे अकरापर्यंत आले आणि छगनच्या चाकाला माती कमी पडली. तिथंच आमची शाळा सुटली.

बहात्तरच्या आषाढात गावच्या हौशी मंडळींनी नदीकाठच्या पडीक जागेत बाग करायचं मनावर घेतलं. कुणी खड्डे खणले, कुणी रोपं आणली, कुणी नुसतं "अजून खोल खणा" म्हणून सांगितलं. हे सांगणारे सगळ्यांत जास्त दमले. पुढारपण तालमीतल्या गोरक्षनाथाकडं. आधी त्याची मिशी बागेत यायची, मागून तो.

पावसानं त्या वर्षी तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. नदी आटली. वाळूत झिरा खणायचा, वाटीवाटीनं डबे भरायचे आणि बागेत पोचवायचे, हे काम छगननं श्रमदान म्हणून अंगावर घेतलं. दान छगनचं. श्रम कुणाचे, हे कळायला बारावा पाढा यावा लागत नाही.

छगन दोन डबे माझ्या दोन्ही कुशींना अडकवायचा, मागून एक थाप द्यायचा आणि झिऱ्यावरच बसून तंबाखूची चंची सोडायचा. मी एकटाच चढ चढून मागच्या वाटेनं बागेत. तिथं मंडळी डबे उतरवून तांब्यातांब्यानं रोपांना पाणी घालायची.

मंडळींतल्या साळूबाईचं रोप अगदी मागच्या कोपऱ्यात, माझ्या वाटेवरच. जांभळाचं. तिच्या माहेरी, पारनेरला परसात जांभूळ होतं, त्याच्या बुडातून तिनं ते आणलं होतं. दुष्काळात ते मूळ झाड वाळलं आणि भावानं त्याचं सरपण केलं. माहेरच्या झाडाचं म्हणून आता एवढंच उरलं होतं. आणि होळीच्या सुमाराला त्याचीही पानं गळून नुसती काडी झाली.

"साळूबाई, मेलं ते," गोरक्षनाथ म्हणाला. "काडीला पानी घालून कुटं जांभळं लागत्यात व्हय?"

"मुळात जीव हाय त्याच्या."

"आसंल. पर आपल्याकडं पानी न्हाई."

मंडळींचं ठरलं. त्या खड्ड्याला पाणी बंद. आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, पान फुटलं नाही तर काडी उपटायची आणि पावसाळ्यात दुसरं रोप लावायचं. तिच्याभोवतीचे बाभळीचे काटेसुद्धा काढून जित्या रोपांना लावले. खड्ड्यापाशी उरला कुंपणाचा एक उघडा, खडबडीत खांब.

काय खांब होता म्हणून सांगू. ओझ्यानं घामाघूम झालेली पाठ कशी खाजते, ते पाठीवर ओझं घेणाऱ्यालाच कळतं. दर खेपेला मी तिथं थांबायचो आणि मनसोक्त अंग घासायचो. डबा हिंदकळायचा, पाणी सांडायचं. सांडलं तर सांडलं, तेवढंच ओझं हलकं.

वर कुरकुर सुरू झाली. "छगन्या, एक डबा आर्धाच का?"

"आईशप्पत, काठोकाठ भरतो."

डब्याला डांबर लावून झालं. तरी डबा अर्धाच. मग गोरक्षनाथानं मिशीवर हात फिरवला. "वाटंत कुनीतरी पानी काढून घेतंय. मागला कोपरा कुनाचा, ते समद्यास्नी ठावं हाय."

साळूबाईच्या हातातला तांब्या थांबला. "चोरायचंच आसतं तर घरला न्येलं आसतं. माजी लेकरं आठ-आठ दिस आंघूळ करत न्हाईत."

ती रोज यायची, सगळ्यांच्या झाडांना पाणी घालायची, पण त्या दिवसापासून कुणाशी शब्द नाही. मी दोनदा ओरडून खरं काय ते सांगितलं. पण माणसांना स्वतःची सोडून दुसरी भाषा येत नाही. तेही अर्धेच शिकलेले.

आखितीला गोरक्षनाथ कुदळ घेऊन आला. मागून सगळी मंडळी. साळूबाई खड्ड्याशी बसली होती.

"आज पितरांस्नी पानी देत्यात," ती म्हणाली. "आन ह्याला कुदळ?"

"ठरलंय ते ठरलंय." त्यानं कुदळ उचलली आणि तशीच धरून राहिला. वाकून बघितलं. काडीच्या बुडाशी करंगळीएवढं तांबूस पान. "पान हाय की. आन खाली वलबी हाय. साळूबाई, आतातरी खरं सांग."

नेमका त्याच वेळी मी पोचलो. आता माणसं जमली म्हणून काय पाठ खाजायची थांबते? लावली खांबाला. डबा कलंडला. निम्मं पाणी जांभळावर आणि निम्मं गोरक्षनाथाच्या सणाच्या धोतरावर.

मग साळूबाईनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. तिच्यामागं सगळी बाग हसली.

"चुकलं माजं, साळूबाई," गोरक्षनाथ धोतर पिळत म्हणाला. त्यानं स्वतः जाऊन काटे परत आणले आणि जांभळाभोवती लावले. खांबाची बाजू तेवढी उघडी ठेवली. तोवर छगन धापा टाकत वर आला आणि ऐकल्या-ऐकल्या म्हणाला, "म्याच शिकवलं त्याला."

आज दोन वर्षांनी जांभूळ गोरक्षनाथाच्या मिशीच्या वर गेलंय. नदीला पाणी आहे, माझ्या खेपा मात्र चालूच. नवी रोपं लावलीत ना. तुम्हीही लावा. आणि एखादं मेलंय असं वाटलं तर उपटायची घाई करू नका. निदान एक गाढव तिथून जाऊ द्या.

काल संध्याकाळी साळूबाई जांभळापाशी बसली होती. मी मान ताठ केली आणि आपलं कर्तृत्व साऱ्या गावाला ऐकू जाईल असं गाऊन दाखवलं. ती उठली आणि माझा कान धरला.

"लई मिरवू नगंस. पाठ खाजत हुती तुजी, मला ठावं हाय. पल्याड चिंच सुकाया लागलीया, तितं नवा खांब रवलाय म्या. चल, खाजव."