मेश्रामांच्या घरचं पाणी

शनिवारी सकाळी पाणी कंपनीचा मेसेज आला, तेव्हा सुलक्षणा मेश्राम पोह्यांसाठी कांदा चिरत होती. शहराच्या खालच्या भागात नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, एवढंच त्यात लिहिलं होतं. का, ते लिहिलं नव्हतं. ते लोकांना पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. डोंगरावरच्या कुरणातली गुरांची घाण एका फुटक्या पाइपातून शहराच्या पाण्यात उतरत होती आणि तिच्यातला जंतू क्लोरीनलाही दाद देत नव्हता.

वेल्समधलं, कार्डिफपासून तासाभरावरचं ते लहानसं शहर. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलमुळे काही मराठी घरं येऊन स्थिरावली होती. सुलक्षणा त्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. तिचं घर चढावर होतं, वेगळ्या टाकीच्या लाइनवर, त्यामुळे तिच्या नळाला धोका नव्हता. मेसेज वाचताच तिला खालच्या भागात राहणारा अनुप आठवला.

अनुप म्हणजे तिच्या मैत्रिणीचा, वरदाचा नवरा. त्याला दुसरं मूत्रपिंड बसवलेलं होतं, आणि ते दिलं होतं त्याच्या आईनं. इरावतीबाई कराडहून आल्या, पोरासाठी टेबलावर आडव्या झाल्या आणि कण्हल्यासुद्धा नाहीत, असं वरदा अजून सांगे. ते मूत्रपिंड टिकावं म्हणून अनुप ज्या गोळ्या घेई, त्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती उरत नसे. इतरांना दोन दिवस पोट बिघडवणारा जंतू त्याच्या जिवावर बेतू शकला असता.

त्याच दुपारी सुलक्षणानं आपल्या घरचं पाणी उकळून, गार करून दोन कॅन भरले आणि वरदाकडे नेऊन दिले. मग रोजचाच परिपाठ झाला. वरदाला पहाटेची शिफ्ट असे; स्वयंपाकघर उन्हाळ्यापुरत्या आलेल्या इरावतीबाईंच्या हाती होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मायेनं चौकशी केली. गाव कुठलं, नोकरी कुठे, आडनाव काय.

"मेश्राम," सुलक्षणा म्हणाली.

"म्हणजे नागपूरकडच्या."

"हो."

इरावतीबाई हसल्या आणि ठेवा तिथं दाराशी, म्हणाल्या. त्या प्रश्नानंतर येणारं ते हसू सुलक्षणा शाळेपासून ओळखत होती. पण आजाऱ्याच्या घरी मान-अपमान काय धरायचा, असं म्हणून ती परतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅन घेऊन गेली.

आठवड्याभरात अनुपला जुलाब सुरू झाले. ते थांबेनात. अंगातलं पाणी आटलं, डोळे खोल गेले, आणि हॉस्पिटलात नेलं तोवर मूत्रपिंडानं कामच सोडलं होतं. तपासणीत तोच जंतू सापडला. डॉक्टरांनी वरदाला बाजूला घेऊन फार आशा धरू नका, असं सांगितलं.

जंतू आला कुठून, याची चौकशी करायला कौन्सिलची एक अधिकारी बाई वॉर्डात आली. अनुप फक्त मैत्रिणीच्या घरचं पाणी पीत होता, असं वरदानं सांगितलं. ती खोटं बोलत नव्हती; तिला तसंच वाटत होतं. मग काय, मराठी घरांमधून फोन फिरले. मेश्रामांच्या पाण्यानं घात केला म्हणे. सुलक्षणाला बोलावून घेतलं गेलं. तुमच्या नळाचा नमुना घ्यावा लागेल, असं अधिकारी बाईनं तिला सगळ्यांदेखत सांगितलं.

इंग्रजी न कळणाऱ्या इरावतीबाईंनी सुनेला विचारलं, काय म्हणतात? वरदानं खालमानेनं सांगितलं.

"ते कसं होईल?" इरावतीबाई म्हणाल्या. सुनेला धीर द्यावा तसा त्यांचा स्वर होता. "त्यांच्या घरचा थेंबसुद्धा मी त्याच्या पोटात जाऊ दिला नाही. मागच्या गुलाबांना घातलं सगळं."

"मग अनुप काय प्यायचा, आई?"

"नळाचं. तुझ्या त्या फिल्टरच्या भांड्यातलं. गोऱ्यांच्या देशातलं पाणी, त्यात काय असायचंय?"

वरदानं अधिकारी बाईकडे पाठ फिरवली. काय झालं, असं अधिकारी बाई विचारू लागली, आणि सांगायला सुलक्षणाशिवाय कुणी उरलं नाही. तिनं इरावतीबाईंचं बोलणं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. स्वतःच्या घरावरचे ते शब्द स्वतःच्याच तोंडानं तिला सांगावे लागले.

"म्हणजे पाण्यात काही दोष होता?" बाईनं गोंधळून विचारलं.

"नाही. पाणी चांगलं होतं. आम्ही चालत नव्हतो."

बाईनं फॉर्मवर पेन टेकवलं. मग तिनं विचारलं, भाषेच्या अडचणीमुळे गैरसमज झाला असं लिहू का? वरदा पुटपुटली, "यस, प्लीज."

सुलक्षणानं मैत्रिणीकडे पाहिलं. तिला तिची दया आली, पण ती थांबली नाही.

"गैरसमज नव्हता, वरदा. त्यांना सगळं नीट समजलं होतं." मग ती बाईकडे वळून म्हणाली, "अस्पृश्यता लिहा. त्याचा अर्थ मी सांगते."

अनुप वाचला; आईचं मूत्रपिंड गेलं. आता आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या खुर्चीत असतो. इरावतीबाई परत जाताना नशीब म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांचं रडणं खरं होतं.

मग मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर राजेंद्र यांचा सुलक्षणाला फोन आला. इरावतीबाई जुन्या वळणाच्या, वयानं मोठ्या. झालं गेलं विसरून जावं, मंडळाचं नाव उगाच बाहेर जाऊ नये, असं ते फार समजुतीनं सांगत राहिले. तुम्ही-आम्ही तर असलं काही मानतच नाही.

सुलक्षणानं सगळं ऐकून घेतलं.

"राजेंद्रदादा," ती म्हणाली, "इतकी वर्षं आपण एका गावात आहोत. दर दिवाळीला मी तुम्हाला घरी बोलावते. माझ्या घरी कधी पाणी प्यायलात?"

मग ते म्हणाले, दिवाळीत नेमका ऑन-कॉल असतो.

"रविवारी हॉलमध्ये मंडळाची मीटिंग आहे," ती म्हणाली. "तिथे मी हे सगळं सांगणार आहे. सगळ्यांच्या मुलांसमोर. तुम्ही या, नाहीतर येऊ नका."