पाच कच्च्या पाकळ्या

अनुजाने खलबत्त्यात लसणाच्या पाच पाकळ्या ठेचल्या आणि वाटी सासूबाईंपुढे सरकवली.

“दहा मिनिटं थांबा. ठेचल्या ठेचल्या खाल्ला तर गुण येत नाही म्हणतात.”

सुमतीबाई थांबल्या. मग नाक दाबून पाण्याबरोबर गिळू लागल्या.

“चावून खा, आई.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाटी रिकामी होईपर्यंत अनुजा समोरून हलली नाही.

ठाकूरद्वारच्या या घरात लसूण कधीच शिजला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी, लग्नाच्या पाचव्या दिवशी, अनुजाची आई मालन काळाचौकीहून लसणीच्या चटणीची बरणी घेऊन तीन जिने चढून आली होती.

“विहीणबाय, घरची हा.”

सुमतीबाईंनी बरणीला हात लावला नाही. कचरा न्यायला आलेल्या बाईला त्या म्हणाल्या, “ही पण घेऊन जा.” मालन उभ्या उभ्याच परतली. पुढे वारेपर्यंत ती त्या घरी पुन्हा आली नाही.

यंदा सुमतीबाईंच्या हृदयात स्टेंट बसला. रक्त पातळ राहायच्या गोळ्या सुरू झाल्या. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, लसणाने कोलेस्टेरॉल उतरतं. एका सकाळी त्यांनी मुलाच्या, सिद्धार्थच्या नकळत अनुजाला हळूच विचारलं, “एखादी पाकळी मिळेल का गं?”

एकीच्या पाच अनुजाने केल्या.

महिन्याभरात सुमतीबाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर जांभळा डाग उमटला. सिद्धार्थ दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेला.

“गोळ्यांशिवाय दुसरं काही घेता का? काढा, लसूण, काहीही?”

“नाही,” सुमतीबाई म्हणाल्या आणि दंडावर पदर ओढला.

डॉक्टर लिहू लागले. “मग गोळ्या बदलून बघू.”

अनुजाने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. सासूबाई ओठाला रुमाल लावून बसल्या होत्या. त्यावर लाल ठिपका पसरत होता.

“लसूण खातात,” ती म्हणाली. “रोज पाच पाकळ्या. कच्च्या. मीच देते.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “अहो, डिस्चार्जच्या दिवशी बजावून सांगितलं होतं मी, या गोळ्यांवर कच्चा लसूण द्यायचा नाही म्हणून!”

“मला नाही सांगितलंत,” सिद्धार्थ म्हणाला. “मी बिलाच्या रांगेत होतो. कोणाला सांगितलंत?”

डॉक्टर आठवू लागले.

“मला,” अनुजा म्हणाली.