पोटातला सदरा

"ह्या बटण डब्यात खयसून इला?"

विमलानं तपकिरी बटण नाकासमोर धरलं, तसा सहदेव खिडकीबाहेर बघायला लागला. दिंडोशीच्या त्या एवढ्याशा खोलीत तोंड लपवायला जागा कुठली? आपल्या शर्टाला बटण लावून दे म्हणाला, आणि तिथंच घात झाला.

बटण हर्षदच्या सदऱ्याचं. पांढऱ्यांत एकच तपकिरी, विमलानंच लावलेलं. दोन वर्षांमागं पोरगा मित्रांसोबत मनोरीला गेला, सदरा काढून खडकावर ठेवला नि पाण्यात उतरला. सदरा घरी आला कोरडा ठणठणीत. पोरगा आला तो चादरीत गुंडाळून. तेव्हापासून सदरा ट्रंकेत, आणि दिवेलागणीला विमला ट्रंकेशी बोलणार. "जेवलंस रे? थंडी वाजता?" मग कान देऊन बसणार. सहदेवच्या अंगावर काटा यायचा.

तिनं धावत ट्रंक उघडली. सदरा नाही.

"सदरो खय आसा?"

"तू म्हायेराक गेल्लंस तेवा धुतलंय, उसवलंय नि ढिगात टाकलंय. माका भ्या वाटाक लागलला गो! एक दिवस तुका थयसून उत्तर इला आसता."

विमला मटकन खाली बसली. शेजारपाजारच्यांचे जुने कपडे घेऊन दोघं त्यांनाच गोधड्या शिवून द्यायची. बटणं काढायचं, उसवायचं काम सहदेवचं. विमला गोधडीच्या पोटात घालायचे तुकडे उलटी बाजू वर करून भराभर टाचायची. परवा गावाहून आली ती समोरच्या बिल्डिंगमधल्या गंधालीच्या बाळाच्या गोधडीलाच बसली, नि तो ढीग संपवून काल देऊनही आली. ट्रंक उघडायचीसुद्धा राहिली.

"म्हंजे माझ्याच हातान टाचलंय? आवस मी त्याची, नि माका वळखूक नाय इलो?" तिनं कपाळ बडवून घेतलं. मग कात्री उचलली.

"गंधालीक काय सांगतलंस?"

"खरा ता सांगतलंय. मेल्ल्याचा कापड तान्ह्याच्या आंगावर कोण ठेयत? आपणहून परत देतली."

मेल्ल्याचा! हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. सहदेव बघतच राहिला.

गंधालीनं दार उघडलं. "या मावशी, हळू हां. काय जादू केलीत यार? रडून रडून वाट लावली होती यानं. काल तुमची गोधडी घातली नि असा झोपला ना!"

विमला वाकली. सांगायचं म्हणून तोंड उघडलं नि हात गोधडीवर ठेवला. पोर श्वास घेत होतं, आणि तिच्या तळव्याखाली हर्षदचा सदरा वर होत होता, खाली होत होता. गरम होता. बाई गं!

"मावशी, कात्री कशाला?"

"धागो सुटललो खयतरी... कापूक इलंय."

नसलेला धागा कापून ती बाहेर पडली.

सहदेव आपल्या घराच्या दारातच उभा. "गावलो?"

"गावलो."

"मगे आणलंस नाय?"

"निजलो आसा," विमला म्हणाली नि भाताला आधण ठेवायला गेली.

सहदेव उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला. पोराला जाळून आला तेव्हाही तो रडला नव्हता.