हलका चालणारा खेकडा

मी एक जुना खेकडा आहे. घाबरू नका मित्रांनो, मी चावत नाही. समुद्रातला नाही मी, झाडावरचा आहे. उंच झाडांच्या वाळक्या फांद्या छाटणारी माणसं दोराला लटकून काम करतात. त्या दोरावर माणसाला धरून ठेवायचं काम माझ्यासारख्याकडे असतं. ज्या खोक्यातून मी आलो त्याच्यावर माझं नाव चांगलं लांबलचक छापलेलं होतं, पण ते कुणी वाचलं नाही. माझा दांडा एका बाजूला नांगीसारखा उगारलेला असतो. म्हणून माझे मालक, म्हणजे सगळ्यांचे मामा, पहिल्याच दिवशी मला खेकडा म्हणाले, आणि तेच नाव चिकटलं.

मी हाताच्या पंजाएवढा आहे. माझ्या आत पोलादी कड्यांची एक लहानशी साखळी आहे आणि खाली एक चाक. मी माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतो आणि दोराचं एक टोकही तिथेच बांधलेलं असतं; तिथून दोर वर जातो, फांदीवरून वळून खाली येतो, माझ्या कड्यांतून नागमोडी वळत जातो आणि खालून बाहेर पडतो. माणसाचं वजन आलं की कड्या तिरक्या होऊन दोर आवळून धरतात. दांडा दाबला की त्या सैल होतात आणि माणूस हळूहळू खाली उतरतो. दांडा सोडला की मी पुन्हा धरतो. धरणं आणि सोडणं, एवढंच माझं शिक्षण. त्यातलं सोडणं कुणालाही जमतं.

मामांनी मला घेतलं तो दिवस मला अजून आठवतो. दुकानात आम्ही सात-आठ जण काचेखाली चकाकत पडलो होतो. लोक येत, रंग बघत, एखाद्याला हातात घेऊन खडखडवत आणि जात. मामांनी मात्र खिशातून आपल्या दोराचा वीतभर तुकडा काढला.

दुकानदार हसला. "अहो, दोर घरून आणलात?"

"मग? नवरदेव न बघताच लग्न लावायचं का?" मामा म्हणाले.

एकेकाच्या कड्यांतून त्यांनी तो तुकडा ओढून बघितला. कुणाला तो जाड झाला, कुणात सैल पडला. माझ्या अंगावर, किती जाडीचा दोर चालेल ते आकड्यात कोरलेलं होतं. मामांनी तो आकडा चष्मा वर करून वाचला, नख फिरवून पाहिला, आणि मग मला उचललं. इतकं नीट पारखून घेतलेला मी. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते. मला जीभ नाही, हा भाग वेगळा.

पहिलं वर्ष आमचं काही जमलं नाही. मी नवा होतो, कडक होतो. वर चढताना मामा दोर ओढत आणि मी कुरकुरत, अडत, थांबत असे. "चल की बाबा!" असं म्हणून ते माझ्या डोक्यात टपली मारत. पण हळूहळू मी रुळलो. दोराला चिकटलेला झाडाचा चीक, त्या चिकात रुतलेली बारीक माती, हे सगळं रोज माझ्या कड्यांवरून घासत जायचं. आणि मी मऊ, आणखी मऊ चालू लागलो. चौथ्या-पाचव्या वर्षी तर मामा मला दुसऱ्या चढणाऱ्यांना दाखवत. "ओढून बघ. लोणी आहे लोणी!" बाकीचे ओढून बघत आणि हेव्याने आपापल्या यंत्राकडे पाहत.

मित्रांनो, कौतुक कुणाला आवडत नाही? मलाही आवडलं. पण मी इतका हलका का चालतो, हे कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगू शकलो नाही. माझ्या कड्यांवर दोराने खाच पाडली होती. रोज केसभर. जिथे माझा दात होता तिथे आता पन्हळ झाली होती. लोक ज्याचं कौतुक करत होते, ती माझी झीज होती.

मामांचं वजन नव्वद किलो. "अर्धं माझं, अर्धं तुमच्या मामीच्या हाताचं," असं ते म्हणत. त्या वजनाने माझ्या झिजलेल्या कड्याही दोरावर घट्ट बसत. त्यामुळे माझं बिंग फुटत नव्हतं. एकदा मात्र दोर ओला होता आणि मी त्यांच्या वजनासकट वीतभर घसरलो. मामा हसले. "काय रे खेकड्या, डुलकी लागली?" असं म्हणून त्यांनी मला बाहीला पुसलं. तेव्हा मला उघडून आत बघितलं असतं तर! पण लाडक्याच्या तोंडात कोण बोट घालून बघतं?

अकराव्या वर्षी मामांची भाची हे काम शिकू लागली. अठ्ठेचाळीस किलोची, सडसडीत, झाडावर गेली की दिसायचीच नाही. मामा तिला खार म्हणत. तिने स्वतःच्या पैशांनी नवा दोर आणला होता, हल्लीचा, बारीक आणि गुळगुळीत. त्याला शोभेल असा नवा खेकडाही आणला होता. तो अगदी माझ्या पहिल्या वर्षासारखा, कडक आणि कुरकुऱ्या.

त्या दिवशी काम होतं एका शाळेच्या मागच्या अंगणात. सायकली ठेवायच्या पत्र्याच्या छपरावर एका मोठ्या झाडाची वाळकी फांदी झुकली होती. इतकं मोठं झाड खारीला पहिल्यांदाच मिळालं होतं. ती दहा फूट चढली आणि दमली. नवा खेकडा दर ओढीला अडत होता.

खालून मामा ओरडले, "अगं, तुझ्या दोरावर बैल बसलाय का?"

"हसू नकोस मामा. हात भरून आले."

"उतर खाली. हा घे माझा."

ती उतरली आणि माझ्याकडे बघतच राहिली. "तुझं लाडकं? मला?"

"लाडकीलाच द्यायचं असतं लाडकं."

मित्रांनो, त्या क्षणी मामांच्या आवाजात इतकी माया होती की माझं पोलाद थंड पडलं. कारण मला सगळं दिसत होतं. दोर बारीक, पोर हलकी आणि मी झिजलेला. माझ्यावरचा तो कोरलेला आकडा मामांच्या हातमोज्याने घासून केव्हाच पुसला गेला होता. दुकानात दोराचा तुकडा घेऊन येणारा हाच माणूस, पण आज त्याने तिचा दोर बोटांत धरूनही बघितला नाही.

खारीने मला पट्ट्याला अडकवलं. "आधी जमिनीपाशी लटकून बघू?" तिने विचारलं. कुठलंही यंत्र बदललं की दोन फुटांवर लटकून, गदागदा हलून बघायचं, हे तिला मामांनीच शिकवलं होतं.

"अकरा वर्षं मी लटकतोय त्याच्यावर. आणखी काय लटकायचं? दुपारच्या आत फांदी खाली आली पाहिजे, चल."

ती चढली. वर जाताना मी काहीच अडवलं नाही, खुशाल सरकलो. तीस फुटांवर थांबून तिने आपला आखूड दोर खोडाभोवती टाकला. तो दुसरा आधार. मग ती माझ्यावर रेलली. मी बोटभर सरकलो. थांबलो. पुन्हा बोटभर सरकलो.

"मामा, हा थोडा सरकतोय का रे?"

"हलका चालतो ना, म्हणून तसं वाटतं. सवय होईल."

मी जिवाच्या आकांताने कड्या आवळत होतो. खाचेला आवळता येत नाही.

पलीकडच्या फांदीवर जायला तिने आखूड दोर सोडला. एक क्षणभरच सोडायचा असतो तो. तेवढ्या क्षणात फक्त मी होतो. तिने दांडा दाबला, थोडी खाली आली, दांडा सोडला. आणि मी धरलं नाही.

दोर माझ्यातून वाऱ्यासारखा वर पळत गेला. खाली मामांनी पाणी प्यायला हातमोजे काढले होते. पाण्याची बाटली एकीकडे आणि मामा एकीकडे. दोराचं वर पळणारं मोकळं टोक त्यांनी दोन्ही उघड्या हातांनी पकडलं. दोर त्यांच्या मुठीतून पळाला, पळाला, आणि थांबला. खार सायकलींच्या पत्र्यापासून हातभर वर लोंबकळत होती. खाली दोरावर चार-पाच फूट लाल डाग होते.

तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मामांच्या तळहातांची कातडी मात्र दोराबरोबर गेली होती.

मामी दवाखान्यात आल्या. दोन्ही हातांची गाठोडी बघून म्हणाल्या, "अहो, दोन्ही? चहाचा कप धरायला एक तरी ठेवायचा होता." आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं, जखमा भरतील, पण उजव्या हाताची मूठ पूर्वीसारखी वळेलच असं नाही. झाडावर चढणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. मी कामाच्या खोलीत टेबलावर पडून होतो आणि सगळं ऐकत होतो. मामा म्हणत, "दोरच बारीक होता." माझ्यावर ते शब्दानेही घसरले नाहीत. आणि खार म्हणे, "नाही मामा. मीच दांडा सोडला नसेन. घाबरून दाबून धरला असेन. मला हे काम जमणार नाही." तिने आपला पट्टा आणि हेल्मेट पिशवीत भरून ठेवलं होतं, परत न घालण्यासाठी.

तिने दांडा सोडला होता, मित्रांनो! मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. आणि मी गप्प पडून होतो, एखाद्या साळसूद माणसासारखा.

खरं बाहेर काढलं मामींनी. मामांना भरवायला चमचा घ्यावा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला खण ओढला. चमच्यांखाली अंथरलेला कागद चमच्यात अडकून वर आला. मामी तो परत सारत होत्या, तेवढ्यात त्यांना त्याच्यावर माझं चित्र दिसलं. माझ्याबरोबर खोक्यात आलेला माहितीचा कागद होता तो. अकरा वर्षं चमच्यांखाली होता, वर चहाच्या कपाची दोन वर्तुळं. मामी तो उभ्यानेच वाचू लागल्या. मग कागद आणि टॉर्च घेऊन तडक कामाच्या खोलीत आल्या. मला उघडून त्यांनी आत उजेड टाकला आणि करंगळीचं नख कडीवर फिरवलं.

"खारे, इकडे ये. यात लिहिलंय, कडीवर खाच जाणवली तर वापर बंद करा. जाणवली तर! इथे माझं अख्खं नख बसतंय."

खारीने बघितलं. एकेक कडी बघितली. मग जमिनीवर बसून रडली. पहिल्यांदाच. मामा दारात उभे होते.

"म्हणजे मी तुला..." एवढंच ते बोलले.

"तू मला पकडलंस," खार म्हणाली.

"आधी मीच टाकलं आणि मग पकडलं. त्यात काय मोठं!" मामा तिथल्या स्टुलावर बसले.

मला वाटलं, झालं, आता सुटलो. पण माणसाचं मन मोठं विचित्र. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "भिंतीवर लावू त्याला. आठवण म्हणून." त्यांच्या ओळखीतला एक चढणारा चौकशीला आला होता, तो मला हातात घेऊन म्हणाला, "मला द्या की. मी तुमच्याएवढाच जड आहे, मला चालेल. काय हलका आहे हो!" भिडस्त मामा नाही म्हणेनात. तो माणूस मला खिशात घालायच्या बेतात होता. तेवढ्यात खारीने हात पुढे केला. "काका, द्या इकडे. हा खेकडा कुणालाच चालणार नाही."

तो गेल्यावर तिने मला शेगड्यात, म्हणजे वस्तू घट्ट पकडायच्या लोखंडी जबड्यात, आवळलं आणि लोखंड कापायची करवत घेतली. "मामा, तू बाहेर जा हवं तर."

मामा गेले नाहीत. शेगडा हलत होता, तो त्यांनी कोपराने दाबून धरला. मूठ अजून वळत नव्हती ना.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला टाकू नका, सांभाळून ठेवा. मी तसं म्हणणार नाही. ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला असतो, त्याच्यावर नुसती माया करून भागत नाही. त्याला उघडून बघावं लागतं, दर वेळी, लाडकं असेल तर दोनदा. तुमच्या सायकलचा ब्रेक फार मऊ लागतो असं कुणी कौतुकाने म्हणालं, तर एकदा खाली वाकून बघा. आणि जे यंत्र संपलं ते संपलं म्हणून मोडून टाका, म्हणजे ते चुकूनही दुसऱ्या कुणाच्या कमरेला लागणार नाही. माझं एवढंच मागणं आहे.

करवत माझ्या अंगातून आरपार गेली आणि माझे दोन तुकडे झाले. मामींनी खाली पडलेला कीस झाडून घेतला. मामा एक तुकडा तळहातावर ठेवून, नव्या गुलाबी कातडीवर, बघत बसले.

"त्याला लागलं असेल का गं?" त्यांनी हसत विचारलं, पण हसू काही पुरतं आलं नाही.

"तुम्ही आधी स्वतःचं बघा," मामी म्हणाल्या.

नाही लागलं, मामा. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर कुणाचंच वजन नव्हतं. बाहेर अंगणात खार पिशवीतून पट्टा काढून, त्याची शिवण न् शिवण उजेडात धरून बघत होती.