रंभा, मेनका, उर्वशी आणि एकच दोरा

मूल गावच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग दारापासून थेट नळापर्यंत गेला होता. आत दीड-दोनशे बाया. राईस मिलवाल्यांच्या सुना, अंगणवाडीच्या मॅडम, लेकीचं लग्न ठरलेल्या आया. आणि पहिल्या रांगेत माझी आई, माधवीबाई. झाडीपट्टीच्या नाटकांत तिनं लागोपाठ पंचवीस सीझन हिरॉईनचं काम केलेलं.

समोर स्टेजवर खुर्चीत एक बाई बसली होती. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली, डावी मात्र ताठ आणि गुळगुळीत. एकाच तोंडावर माय आणि लेक शेजारी बसाव्यात तशी.

"बघा, भगिनींनो!" पांढरा कोट घातलेले प्रवीण सर माईकवर गरजले. "पडद्यामागं फक्त पंधरा मिनिटं! डाव्या बाजूचं वय झालं अठ्ठावीस. उजवी अजून त्रेपन्नचीच आहे, म्हणून रुसली आहे!"

टाळ्या पडल्या.

"ही सर्जरी नाही, ही जागृती आहे. प्रत्येक स्त्रीच्या त्वचेच्या सातव्या थरात एक अप्सरा झोपलेली असते. आपण तिला फक्त हाक मारतो. बारीक सुरकुत्या असतील तर रंभा लिफ्ट. गाल उतरले असतील तर मेनका लिफ्ट. आणि प्रकरण गळ्यापर्यंत गेलं असेल, तर उर्वशी गोल्ड! टाका नाही, रक्त नाही, सुट्टी नाही. वरण गार व्हायच्या आत घरी!"

"मायबाई!" माझ्या मागं बसलेली आमच्या आळीतली अंजनाबाई म्हणाली. "अर्धं तोंड त पोट्टीचं झालं वो!"

"मंग बुढ्याले कोणती बाजू दाखवाची?" तिच्या शेजारणीनं विचारलं, आणि अख्खी रांग खिदळली.

आई हसली नाही. ती त्या डाव्या गालाकडं अशी बघत होती, जशी उपाशी माणसं दुसऱ्याच्या ताटाकडं बघतात.

आमच्याकडं दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात. रोज नवं गाव, मंडईची जत्रा, रात्रभर प्रयोग, ते पार होळीपर्यंत. कंपन्यांचं सगळं बुकिंग वडसा गावातून होतं. दसऱ्यानंतर आमच्या कंपनीचे मालक श्रीहरीभाऊ घरी आले, चहा पिताना कपातच बघत म्हणाले, "माधवीबाई, यंदा आईचा रोल घ्या. रडाचे सीन जबरदस्त आहेत."

"आन हिरॉईन?"

"एक नवीन पोरगी आहे धानोऱ्याची. बाविसाची." मग आईचा चेहरा बघून ते वरमले. "पोस्टरचा फोटो धनतेरसले काढाचा आहे. तवरिक पाहू."

त्या 'तवरिक पाहू'वर आई जगू लागली. माझे बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. तिनं मला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं ते याच चेहऱ्यावर. आता ती तासन्तास आरशापुढं उभी राहायची, दोन्ही बोटांनी गाल कानांकडं ओढून. बोटं सोडली की गाल खाली यायचे, मग पुन्हा ओढायची. माझी नऊ महिन्यांची पोरगी तिच्या मांडीवर चढून तिचे गाल चिमटीत धरायची, तर तिचेही हात ती बाजूला करायची. "ओढू नको वो माय. आधीच लोंबले आहेत."

त्या दिवशी तिनं उर्वशी गोल्डसाठी नाव नोंदवलं. गुरुवारची वेळ मिळाली.

"आई, ते नेमकं करतात काय?"

"उर्वशी करतात."

"म्हणजे काय करतात?"

"म्हणजे उर्वशी वो! पत्रकावर लिहून आहे ना."

पत्रकावर नाव होतं. सोनेरी अक्षरांत, खाली कमळ. नावापलीकडं एक ओळ नव्हती.

"तुले काय समजते, पुनम?" आई एकदम चिडली. "तुह्याकडे लोक अजून वळून पाहातात. मह्यावर त आता लाईटवालाही लाईट मारत नाई."

मी पत्रक घडी घालून ठेवून दिलं.

बुधवारी पोरीला गोवराची लस द्यायला सरकारी दवाखान्यात नेलं. बाकावर तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई बसली होती. डोळ्यांवरून ओळखली. आमच्याच कंपनीत लावणी करणारी सरिता.

"सरिता? तू त वरोऱ्याले गेली होती ना माहेरी?"

तिनं ओढणी खाली केली. डावा गाल लालभडक, टरारून सुजलेला. मधोमध खड्डा. आणि कानशिलाजवळ पुवातून बाहेर डोकावणारं एक बारीक, पारदर्शक टोक.

"मेनका केली होती तिथी, मंगल कार्यालयात, त्या प्रवीण सरकडून," ती पुटपुटली. "पहिले पाच दिवस अशी दिसत होती का विचारू नको. मंग सूज उतरली, तिच्यासंगं सारंच उतरलं. आता हसली का खड्डा पडते."

डॉक्टर अश्वजित यांनी जखम साफ केली आणि चिमट्यानं ते टोक हळूच ओढलं. बोटभर दोरा बाहेर आला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. बोट फिरवलं तर खरखरीत लागला.

"काटेरी दोरा आहे," ते म्हणाले. "सुईनं कातडीखाली सरकवायचा, काटे आत रुततात, मग ओढायचा. भुलीचं पाणी टोचलेलं असतं, वरून सूज येते. त्यानं सुरकुत्या भरतात आणि लोकांना वाटतं तारुण्य आलं. जाणत्या डॉक्टरानं स्वच्छ जागी केलं, तरी याचा परिणाम थोडा आणि बहुतेकदा काही महिन्यांचाच. हे तर मंगल कार्यालयात केलंय."

"आणि मेनका-उर्वशीत फरक काय असतो?"

उत्तर सरितानं दिलं. "मह्या बाजूच्या बाईनं उर्वशी घेतली होती. दोरे एकाच डब्यातले. मले चार टाकले, तिले आठ."

"खरं ऑपरेशन नसतंच का मग?" मी डॉक्टरांना विचारलं.

"असतं ना. प्लॅस्टिक सर्जन करतात. कानापुढून मागपर्यंत चीर देतात, कातडीखालचा थर उचलून शिवतात. टाके असतात, रक्त असतं, सावरायला आठवडे लागतात. पण तेसुद्धा लोक गोड नावं लावून विकतात. नावावरून ना चीर कळते, ना थर, ना हात कोणाचा ते. हे सगळं विचारावं लागतं, बाई."

गुरुवारी पोरगी कडेवर, सरिता सोबत, अशी मी कार्यालयात घुसले. आई स्टेजजवळच्या खुर्चीत बसली होती. डोक्याला टोपी, गालांवर बधिर करणाऱ्या मलमाचा पांढरा थर.

"आई, उठ."

"जाय इथून, पुनम." तिनं मला हातानं मागं सारलं. "पाया पडतो तुह्या. धनतेरस जवळ आली."

मी वळून प्रवीण सरांना विचारलं, "चीर कुठं देता?"

"अप्सरा चिरत नसतात, ताई!"

"दोरा कोणत्या थरात टाकता?"

"सातव्या!"

"पहिले सहा कोणते?"

सर हसले. "तो आमचा फॉर्म्युला आहे."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"मी लिफ्टमास्टर आहे. सर्टिफाईड!"

सरितानं ओढणी काढली. पुढच्या रांगेतल्या बाया वाकून बघू लागल्या.

"यांनी पथ्य मोडलं!" सर ओरडले. "आंबट खाल्लं असणार!"

"चिंचेनं गालातून दोरा निघते का रे?" अंजनाबाई मागून कडाडली.

आई उठली. तिनं सरिताची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, प्रयोगाआधी पोरींचा मेकअप तपासताना वळवायची तसं. बराच वेळ बघितलं. मग ती अर्ध्या तोंडाच्या त्या बाईकडं गेली, जी आजही खुर्चीत तयार बसलेली होती. तिलाही खिडकीकडं वळवलं आणि डाव्या कानामागच्या केसांत बोटं घातली.

"मॅडम, हात लावू नका! अप्सरा कच्ची आहे!"

आईनं चिमूट ओढली. कानशिलावरची पारदर्शक चिकटपट्टी सुटली, तिच्यामागं केसांत लपवलेला इलॅस्टिकचा पट्टा सटकन उडाला, आणि डावा गाल उजव्यासारखाच खाली आला. आता दोन्हीकडं त्रेपन्न.

"हे त आमची पट्टी आहे वो!" आईचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "विगाखालून बांधतो आम्ही, चाळिशीची बाई विशीची दिसाले. इतके वर्सं म्याच बांधली. स्टेजवर उभी राहून लोकायले फसवलं, आन खाली बसली त मीच फसली!"

मग तिनं भिंतीवरच्या आधी-नंतरच्या फोटोंकडं बोट केलं. "आन हे पाहा. इथी लाईट डोक्यावरून, हनुवटी खाली. तिथी लाईट समोरून, हनुवटी वर, वरून पावडर. बाई तेच, तोंड तेच."

खुर्चीतली बाई रडू लागली. "मले रोजीनं बसवतात वो," एवढंच म्हणाली. तिला कोणी काही बोललं नाही. प्रवीण सर स्वयंपाकघराच्या दारानं निघाले होते, त्यांना बायांनीच पोलीस येईस्तोवर अडवलं. मलमाचा डबा, सुया आणि तो दोऱ्यांचा एकुलता एक डबा टेबलावर तसाच राहिला.

बाहेर नळाशी मी पोरीच्या दुपट्यानं आईचे गाल पुसले.

"लागून राह्यलं का?"

"काईच लागत नाई. सुन्न आहे." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पट्टी त खोटी निंगाली, पुनम. पण मी आता काय करू?"

लबाडी उघडी पडली म्हणून आईचं दुःख खोटं ठरलं नव्हतं. मी तिला घट्ट धरलं. यंदा तिनं आईचाच रोल घेतला. ज्या दिवशी होकार कळवला, त्या दिवशी जेवली नाही.

बायांनो, तरुण दिसावंसं वाटण्यात पाप नाही. खरं ऑपरेशन करून घ्यायचं की नाही, हा जिचा चेहरा तिचा निर्णय. पण निर्णय घ्यायला माहिती लागते, आणि नाव ही माहिती नव्हे. कापणार कोण, त्याचं शिक्षण काय, भूल कसली, आत काय घालणार, बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं, किती दिवस टिकणार? ही उत्तरं जो साध्या भाषेत देत नाही, त्याच्या हाती सुई देऊ नका. तुमच्या घाईवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. असे लोक तुमच्या सुरकुत्यांआधी तुमची घाई बघतात.

होळीनंतर नाटकं थांबली तेव्हा आईच म्हणाली, "एक डाव खऱ्या डॉक्टरले विचारून त पाहू." आम्ही नागपूरला गेलो. मोठा दवाखाना, भिंतीवर सर्जनच्या पदव्या. त्यांनी गुळगुळीत कागदाचं पुस्तक पुढं सरकवलं. "आमच्याकडं एक 'वीकेंड लिफ्ट' म्हणून आहे..."

आईनं पुस्तक न उघडता हातानं बाजूला केलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"नाव राहू द्या, डॉक्टरसाहेब. कापता कुठी, ते सांगा."