कोरड्या तोंडाचा चोर

जसोंडीच्या शाळेपुढच्या मैदानात सकाळी नऊलाच दोनशे माणसं जमली होती. चारच दिवसांपूर्वी याच मैदानात 'पोलीस-जनता संवाद' झाला, तेव्हा सरपंच सोडले तर सोळा जमली होती, आणि त्यांतली नऊ पोलिसांची होती. जनता संवादाला येत नाही, चमत्काराला येते. आजचा चमत्कार मात्र पोलिसांनीच बोलावला होता.

झालं होतं असं. संवादात ठाण्याचे प्रमुख टी.आय. साहेब 'चोरीपासून सावध कसे राहावे' या विषयावर पाऊण तास बोलले. मग जीपमध्ये बसले. ड्रायव्हर जीवन कुठे दिसेना, म्हणून स्वतःच चावी फिरवली. जीप हूं की चूं करेना. बॉनेट उघडलं तर आत बॅटरीच नाही! सरपंचांनी हसू लपवायला टोपी काढून झटकली. साहेबांचा चेहरा लालबुंद. त्यांनी हेड कॉन्स्टेबल हिरामणला तिथंच दम भरला, "चार दिन. बॅटरी ला, नहीं तो चोर ला."

हिरामण लोधीपुऱ्यातला, नोकरीत एकवीस वर्षं मुरलेला. त्याने बोटांचे ठसे घेतले नाहीत, चौकशी केली नाही, ड्रायव्हरलाही काही विचारलं नाही. त्याने सुकलाल महाराजांना बोलावलं.

महाराज पूर्वी नदीच्या राजघाटावर नारळ विकायचे. एकदा एका गिऱ्हाइकाला 'हा आतून नासका आहे' असं न फोडताच सांगितलं आणि तो नासकाच निघाला. आपलाच माल होता, त्यांना ठाऊक असणारच. पण गिऱ्हाईक पाया पडलं, आणि तेव्हापासून ते महाराज झाले. आता ते तांदूळ चावायला देऊन चोर ओळखत.

गर्दी जमण्याआधी महाराजांनी हिरामणला बाजूला घेतलं. "हेड साब, देवीले सगळं ठाऊक राहते. पण तिचा टाइम वाचावा म्हणून इचारतो, शक कोणावर हाय?"

"कौतिक," हिरामण म्हणाला. विचार करावा लागलाच नाही. तोंडात बसलेलं नाव होतं ते.

सहा वर्षांपूर्वी एका विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तेव्हा हिरामणने कौतिकला दिवसभर ठाण्यात बसवून दोन ठेवून दिल्या होत्या. मोटार पुढे मालकाच्या मेव्हण्याकडे सापडली. कौतिक सुटला, पण ठाण्यातल्या संशयितांच्या यादीतलं नाव सुटलं नाही. तेव्हापासून गावात काहीही हरवलं की त्याला बोलावणं जाई. एकदा बकरी हरवली म्हणून तो तीन तास ठाण्यात बसून होता, आणि बकरी ठाण्याच्याच मागे पाला खात होती. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत त्याचं काम होतं. मुकादमाने बजावलं होतं, "आता एकदा जरी पोलीस आले ना कौतिक, तर दुसरीकडे काम पाहा."

मैदानात उन्हात आठ जण ओळीने बसवले होते. संवादाला आलेले गावचे सात, आणि आठवा कौतिक. तो त्या दिवशी संवादाला आला होता का, हे कोणी पाहिलं नव्हतं. यादीत होता, तेवढं पुरे. टी.आय. साहेब बॅटरीअभावी सरपंचांच्या ट्रॅक्टरवर बसून आले आणि खुर्चीत विराजमान झाले.

"जिसका मन साफ, उसका चावल गीला!" महाराज गरजले. "ज्याच्या पोटात पाप, त्याचा तांदूळ कोरडा ठणठणीत! देवी थुंकी शोषून घेते, थुंकी! बोला, थुंकीवाल्या देवीचा..."

"जय!" दोनशे माणसं म्हणाली. असली देवी कोणी ऐकली नव्हती, पण जय म्हणायला काय जातं.

सात जणांनी चिमूटभर तांदूळ चावून केळीच्या पानावर थुंकले. सगळे ओले. महाराजांनी कौतिकला शेवटी ठेवलं होतं. त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, मग नाकाला नाक लावून बसले. "देवी म्हणते, चोर माझ्यासमोर हाय. देवी म्हणते, आजची रात त्याची हवालातीत जाईन." मागे हिरामण उभा होता, आणि महाराजांच्या सूचनेनुसार देवीला ताल मिळावा म्हणून जमिनीवर काठी आपटत होता. ठक. ठक. ठक.

कौतिकने तांदूळ तोंडात घेतले, चावले, पानावर टाकले. इतके कोरडे की झाडून पुन्हा डब्यात भरता आले असते.

"सापडला!" गर्दी ओरडली. कौतिकची बायको सरुबाई गर्दीतून धावत आली. "अवं, त्यानं नाही केलं! हेड साब, तुम्ही तरी सांगा ना!" हिरामणने काठीच्या टोकाकडे पाहिलं.

"थांबा जरा," आवाज आला. आरोग्य उपकेंद्रातल्या तेजस्विनी सिस्टर पुढे आल्या. "साहेब, मी रोज माणसांना सुया टोचते. सुई दिसली की भलाभला पैलवान पाणी मागतो. त्याने काय चोरलेलं असतं? माणूस घाबरला की तोंडाला पाणी सुटत नाही. या तांदळातून चोर कळत नाही, घाबरलेला माणूस कळतो. खोटं वाटत असेल तर पोलिसांनाही द्या."

"वर्दीले देवी लागू नाही," महाराज घाईने म्हणाले.

लोक हसले. साहेबांना ते हसू झोंबलं. "हिरामण, खा. और सुन, आज बॅटरी नहीं मिली तो कल से तू सस्पेंड."

हिरामणने तांदूळ तोंडात टाकले. बायकोला काय सांगायचं, एवढंच मनात आलं आणि जीभ टाळूला चिकटली. पानावर पडले ते कौतिकच्या तांदळांचे सख्खे भाऊ.

"देवीची लीला!" महाराज म्हणाले. "चोर दोन हायेत!"

गर्दीत आनंदाची लाट आली. सिस्टरांनी चिमूट ड्रायव्हर जीवनपुढे धरली. त्याच्या तोंडात पान-तंबाखूचा तोबरा होता. त्याने चावले, थुंकले. लालभडक, रसरशीत.

"हा पाहा निष्पाप जीव!" महाराज म्हणाले.

पण हेडची नोकरी जाताना पाहून निष्पाप जीवच फुटला. "साहेब... बॅटरी मीच काढली. डाऊन होती. तुमचं भाषण लंबं चालते म्हणून तेवढ्यात चार्जिंगले टाकून आलो. परत आलो तर तुम्ही चोर-चोर ओरडून राहिले होते. मग हिंमतच नाही झाली. दुकानातच हाय अजून."

ज्याने बॅटरी नेली त्याचे तांदूळ ओले, आणि ज्यांनी तिला हातही लावला नाही ते दोघे कोरडे. महाराज तांदळाची पिशवी काखेत मारून शाळेच्या मागच्या बाजूला निघाले.

हिरामणला गप्प बसता आलं असतं. गर्दीला हसायला महाराज पुरेसे होते. पण तोंडातला तो कोरडा पिठूळपणा जात नव्हता. कौतिक सहा वर्षं हीच चव घेऊन जगत होता.

"नाव मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "महाराजाले. देवीनं नाही, मीच. अन् मागं काठी आपटायले पण मीच होतो." मग कौतिककडे वळला. "त्या दिवशी तू होता कुठं?"

"मंडीत. गाडी भरत होतो. सहा जण संगं होते."

"मग बोलला काहून नाही?"

"तुम्ही इचारलं कधी, हेड साब?"

टी.आय. साहेब चष्मा पुसू लागले. हिरामण लोकांकडे वळला. त्याला भाषण येत नव्हतं. "भाऊ हो, चोर शोधायचा तर इचारा, पुरावा पाहा, साक्ष घ्या. तांदूळ भातासाठी राहू द्या. अन् उद्या मी, नाहीतर कोणी वर्दीवाला असा बुवा आणला, तर इथंच अडवा. आम्ही पुरावा मागतो तसा तुम्ही आमच्याजवळ मागा." मग हळू आवाजात, "कौतिक, माफ कर. यादीतून नाव काढतो तुझं. सोमवारी ठाण्यात ये, तुझ्यासमोरच काढतो."

कौतिकने सरुबाईचा हात धरला.

"काढा. पण मले बोलावू नका, हेड साब. कागद घेऊन तुम्हीच या घरी."