चिकटलेलं चाक

त्या दिवशी काहीही करून मला आमच्या माणसाला भेटायचं होतं. ते मेंढरं घेऊन पोखर्णीच्या पुढं एका शेतात उतरले होते. कापूस उपटला की शेतकरी रानात रात्रीची मेंढरं बसवून घेतात. त्यांना लेंडीखत होतं, आमचं पोट भरतं. दुसऱ्या दिवशी कळप गोदावरी ओलांडून पार पलीकडं जाणार होता, आणि मग मिरगाच्या पावसापर्यंत भेट नाही. पूर्वी मीही सोबत चालायची. गुडघ्यानं दगा दिला आणि मी बोरीत घर राखत बसले. दिवाळीपासून त्यांचं तोंड बघितलं नव्हतं. फोनवर ते ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पलीकडं जात नाहीत. मला लय आठवण यायची. या वयात हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून सांगत नव्हते, एवढंच.

पोरगा हरिओम भाड्यानं गाडी चालवतो. जुनीच गाडी आहे, पण चालते. संध्याकाळी त्याला परभणी स्टेशनवरून गिऱ्हाईक आणायचं होतं, म्हणून आम्ही दिवस उगवताच निघणार होतो. भाकरी बांधल्या, तिळाची चटणी घेतली आणि मी गाडीत बसून राहिले.

थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. खूप कुरकुर करून इंजिन चालू झालं. हरिओमनं हँडब्रेक खाली टाकला, गिअर घातला, ॲक्सिलेटर दाबला. गाडी मागून खाली बसली आणि तिथंच थांबली. त्यानं अजून दाबला, तर मागचं उजवं चाक न फिरताच मातीत फरफटलं.

“उतर आई,” तो म्हणाला. “आज काय जमायचं न्हाई.”

“न जमायला काय झालं? चाकं हायत, रस्ता हाय. बोलव त्या सिद्धोधनला.”

“तो दुकान उघडतो दहाला.”

“मग घरून उचलून आन त्याला.”

माझ्या आवाजाला पोरगा अजून घाबरतो. तो गेला आणि कानटोपी घातलेल्या सिद्धोधन मेकॅनिकला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आला. सिद्धोधन चहा पिऊन गाडीखाली सरकला आणि तिथूनच बोलू लागला.

“हरिओम, हँडब्रेकची दांडी वर घे. आता सोड. वायर तर सैल पडायलीय, वायरीचं दुखणं न्हाई. ब्रेकचा आतला लायनर गंजून चाकाच्या ड्रमला चिकटलाय. गाडी कवाधरनं उभी हाय?”

“पाच-सा दिस. भाडंच न्हवतं.”

“अन् हँडब्रेक वडून ठेवला व्हता. पर एवढ्यात एवढा गंज कसा? मावशी, हितं पानी सांडता का?”

मी चहाच्या कपबशा उचलायला लागले. तो चाकामागून लोकरीचा पुंजका घेऊन बाहेर आला, आणि हरिओमनं माझ्याकडं बघितलं.

झालं होतं असं, की चालता न येणारी कोवळी कोकरं ह्यांनी आठवड्यापूर्वी गावाकडं येणाऱ्या टेम्पोत घालून माझ्याकडं धाडली होती. थंडीनं काकडायची बिचारी. गाडीखाली आडोसा असतो हे मी बघून ठेवलं होतं, म्हणून रात्री त्यांना गाडीखाली घालून भोवती पोती लावायची. ती सगळी मागच्या उजव्या चाकाला खेटून झोपत, आणि जे करायचं ते तिथंच करत. आमच्या घरात जिथं वारा लागत नाही तिथं कोकरू, हाच कायदा. त्यानं लोखंड सडतं हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

“मेंढराचं मूत म्हंजी तेजाबच,” सिद्धोधन हसला. हरिओम हसला नाही.

चाक काढलं. ड्रमच्या कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके मारत सिद्धोधन कान लावायचा, पुन्हा मारायचा. ऊन अंगणात आलं, ओट्यावर चढलं. प्रत्येक ठोक्याला माझी भेट तेवढी आखूड होत होती आणि मी माझ्याच हातांना शिव्या देत होते. शेवटी ड्रम सुटला, लाल भुगा सांडला. त्यानं लायनर पॉलिश पेपरनं घासून परत बसवला.

“थंडीत ओल्या जागी हँडब्रेक वडू नका. गिअरमदी ठेवा अन् चाकाला दगड लावा,” तो म्हणाला. “अन् कोकरं घरात घ्या, मावशी.”

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मला बघून ते नुसते उभे राहिले. धोतराला काटे, दाढी वाढलेली, डोळे लाल. मी भाकरी सोडली, ते जेवले. सोबत असलेला त्यांचा भाऊ बिरदेव म्हणाला, “वहिनी, लांडगे फिरायलेत. दादा रातभर जागाच ऱ्हातो.”

“बोल,” ते माझ्याजवळ घोंगडीवर आडवे होत म्हणाले. “मी ऐकायलोय.”

मी किती साठवून ठेवलं होतं. शेजारच्या भक्तीचं लग्न, हिरीचं पाणी, बाजरीचा भाव, आणि रात्री घर कसं खायला उठतं ते. भक्तीचं लग्न अर्ध्यावर आलं आणि घोरणं ऐकू आलं.

उठवावं का? हात पुढं केला आणि मागं घेतला. मग काठी घेऊन मेंढरांकडं तोंड करून बसले, पूर्वी बसायची तशी. मधूनमधून त्यांच्याकडं बघत होते. ऊन त्यांच्या तोंडावर आलं तेव्हा थोडी सरकून सावली केली.

हरिओमनं लांबून हात केला. स्टेशनची वेळ झाली होती. मी त्यांच्या अंगावर घोंगडीचं टोक टाकलं आणि निघून आले. गाडीत बसल्यावर डोळ्याला पदर लावला. पोरगा समोर बघून गाडी चालवत राहिला.

पोखर्णी मागं पडली आणि फोन वाजला.

“उठवलं का न्हाईस?”

“लय गाढ झोप लागली व्हती.”

“तू बसलीस म्हून लागली.” मधेच त्यांनी मेंढरांना हाळी दिली. “आता उद्या पलीकडं जायचं. तिकडं कुठली आलीय झोप.”

सांगायचं होतं ते सगळं अजून माझ्यापाशीच होतं, पण त्यातलं एकही सांगावंसं वाटेना.

“मिरगाला घरी या,” मी म्हणाले. “बोलू नगा. नुसतं झोपायला या.”